शिवणीच्या लाकडाचा आवाज

उत्तम गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात एका भजनी मंडळाचा अँप्लिफायर उघडून बसलो होतो. फोन त्याच्या मेहुण्याचा होता. "दाजी गेले," एवढंच तो म्हणाला. मी "निघालोच" म्हणालो, सोल्डरिंगची पिन काढली, शटर ओढलं. क्रांती चौकातल्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा माझ्या मनात पहिला शब्द उमटला तो असा : सुटलो. लिहिताना लाज वाटते. तीस वर्षांपासूनचा दोस्त गेला आणि माणसाला सुटल्यासारखं वाटतं म्हणजे काय! रडू आलं, नाही असं नाही. मुकुंदवाडीला त्याच्या दारात कमलवहिनींना बघितलं आणि मी लहान पोरासारखा रडलो. ते रडणं खरंच होतं. पण 'सुटलो' त्याच्या आधी आलं होतं, आणि ते का आलं हे सांगितल्याशिवाय मला उत्तमबद्दल एक ओळ लिहिता यायची नाही.

उत्तम सुतार होता, पण जन्मानं नव्हे, हातानं. त्याचे वडील लाकडाच्या वखारीत हमाली करायचे. "बापानं लाकडं वाहिली, मी तासतो. लई प्रगती झाली आमची," असं म्हणून तो स्वतःच खो खो हसायचा. मुकुंदवाडी स्टेशनच्या अलीकडं पत्र्याच्या शेडमध्ये त्याचा कारखाना होता. दारं, पलंग, शाळेचे बाक... काय म्हणाल ते करायचा. गिटारीशी त्याचा काही संबंध नव्हता. तो माझ्यामुळं आला. एकदा भीमजयंतीच्या तोंडावर एका गायन पार्टीची पोरं मोडकी इलेक्ट्रिक गिटार घेऊन माझ्या दुकानात आली. वायर लागते म्हणजे वस्तू माझ्याच खात्यातली, असा त्यांचा हिशोब. मोडलं होतं मात्र लाकूड. मी ती उत्तमकडं नेली. त्यानं स्क्रू काढले, आत बोट घातलं, आणि बोटाला लागलेला भुसा मला दाखवला. "आरं पक्या, वरून एवढी चकाकी अन् आतून खोक्याचं लाकूड! गरिबाच्या पोराला काहीबी देत्यात व्हय रे?" गिटार त्यानं जोडून दिली, पण गोष्ट त्याच्या डोक्यातून जाईना. आठ दिवसांनी स्वतः दुकानात आला. म्हणाला, "आपण करू."

आणि आम्ही केलं. गिटारीची दांडी तयार मिळायची. बॉडी उत्तम घडवायचा, आणि तारांखाली बसतो तो पिकअप, म्हणजे चुंबकावर केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, ते काम माझं. कंपनीची गिटार ज्यांना परवडत नाही अशा पोरांसाठी चांगली, स्वस्त गिटार, एवढंच आमचं स्वप्न होतं. भांडण पहिल्या दिवसापासून एकच. मी म्हणायचो, इलेक्ट्रिक गिटारीत लाकडाला कोण विचारतो? तार हलते, चुंबक ते टिपतो, अँप ते मोठं करतो. लाकूड म्हणजे नुसता खांब. उत्तम म्हणायचा, "तार कशाला बांधलीय? खांबालाच ना? खांबच जर निम्मं हलणं गिळून बसला, तर तुझा चुंबक काय टिपणार? कपाळ!" आज कुणी विचारलं तर मी सांगेन की मोठा वाटा पिकअपचा, तारांचा आणि अँपचाच असतो. लाकडाचा थोडा. पण थोडा म्हणजे अजिबात नाही असं नव्हे, आणि स्वस्त गिटारीत, जिथं बाकीचं सगळंच बेताचं, तिथं तो थोडाही उपयोगी पडतो. हे मला तेव्हाही कळत होतं. कबूल करायचं नव्हतं.

उत्तमची अडचण अशी की त्याला स्वतःला ऐकू यायचं नाही. पंचवीस वर्षं रंधा मशीनजवळ उभं राहून त्याचे कान गेले होते. कानाचं मशीन त्यानं घेतलं होतं, पण ते शिट्ट्या मारतं म्हणून बहुतेक वेळा खिशातच असायचं. मोठ्यानं बोललं तर त्याला समजायचं. बारीक आवाज मात्र गेले ते गेलेच. "कोकिळा गेली, अन् कमलचं बोलणंबी गेलं. फिट्टंफाट!" असं म्हणायचा आणि वहिनी त्याच्याकडं डोळे वटारायच्या. लाकूड तो बोटांनी ओळखायचा, आणि गिटार वाजवायची झाली की बॉडीची कड दातांत धरायचा. तार छेडायची, डोळे मिटायचे आणि दातांत थरथर किती वेळ राहते ते बघत थांबायचं. कुणी हसलं तरी त्याला फरक पडायचा नाही. पण शेवटचा शब्द माझा. "हात माझे, कान तुझे," हे त्यानं पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं.

मग एका संगीत क्लासची मोठी ऑर्डर आली. बॉडी कशाची करायची हे ठरवायचं होतं. प्लायवूड तयार मिळायचं, काम झटपट व्हायचं. उत्तमला शिवण हवी होती. शिवणीचं लाकूड हलकं, वाळलं की वाकत नाही. त्यानं दोन वर्षं फळ्या वाळवून ठेवल्या होत्या, रोज उठून उलट्या-सुलट्या केल्या होत्या. त्यानं दोन बॉड्या केल्या, एक प्लायची आणि एक शिवणीची, एकाच मापाच्या. दांडी तीच, तारा त्याच, पिकअप तोच. आधी प्लायच्या बॉडीवर चढवलं, मी वाजवून मोबाइलवर रेकॉर्ड केलं. मग सगळं उतरवून शिवणीवर चढवलं, पुन्हा तेच वाजवलं. नंतर मी हेडफोन लावून दोन्ही ऐकलं. तो समोर स्टुलावर बसला होता, अंगभर भुसा, आणि एकटक माझ्या तोंडाकडं बघत होता.

फरक होता. आभाळाएवढा नव्हता, पण होता. प्लायवर सूर लागायचा आणि लगेच बसायचा. शिवणीवर तो मोकळा निघायचा आणि रेंगाळायचा. मी तीनदा ऐकलं.

"सांग," उत्तम म्हणाला. "हाय का फरक?"

"काही नाही. सेम टू सेम."

"नीट ऐकलं का? मला दातात लई वेळ राहिल्यासारखं वाटलं."

"दात काय ऐकतात होय रे?" मी ओरडून म्हणालो.

तो हसला. हसला म्हणजे तोंडभर हसला, मागं राग नाही, संशय नाही. "तेबी खरंय. तू म्हणतोस म्हंजे नसंल," असं म्हणून तो उठला आणि झाडू मारायला लागला.

का बोललो मी खोटं? बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो की प्लायमुळं ऑर्डर वेळेत जाईल म्हणून. साफ थाप आहे. मला हेवा वाटला. माझे ते हजारो वेढे, माझं डोळे फोडून केलेलं काम, आणि त्यातला वाटा एक लाकूड मागतंय, हे मला सोसलं नाही. आणि ज्याला ऐकू येत नाही तो बरोबर निघतोय, हे त्याहून सोसलं नाही. एवढाच माझा मोठेपणा.

ऑर्डर प्लायमध्ये गेली. वर्षभरात गिटारी परत यायला लागल्या. प्लायमध्ये स्क्रू ढिले व्हायचे, दांडी हलायची. आवाज बसका आहे, असंही पोरं म्हणायची. उत्तम प्रत्येक गिटार उघडायचा, भोकं बुजवून पुन्हा पाडायचा, आणि म्हणायचा, "माझ्याच हातून काही तरी चुकतंय, पक्या. तुझा पिकअप तर चांगलाय." मी चहा पीत बसायचो. एकदाही बोललो नाही. ज्या माणसाला नुसतं बोट फिरवून लाकूड कळायचं, तो नंतर नंतर साध्या कपाटाचं दार बसवतानाही शेजारच्याला विचारायला लागला, "बराबर हाय ना? बघ बरं." गिटारी त्यानं सोडल्या. किचन ट्रॉलीची कामं घ्यायला लागला. वाळवलेल्या फळ्यांचं काय केलं हे मी विचारलं नाही, विचारायचं तोंडच नव्हतं मला.

आमची दोस्ती मात्र तशीच राहिली. हेच तर वाईट. तो माझ्याशी वाकडा वागला असता तर बरं झालं असतं. माझ्या मुलीच्या लग्नात त्यानं पलंग करून आणून टाकला, माझ्या आईच्या आजारपणात रात्री जागला... आणि दर वेळी मला वाटायचं, आता सांगू. आता नको, पुढच्या वेळी. असं करता करता तो दवाखान्यात पोचला. हृदयाचं दुखणं होतं. मी गेलो तेव्हा वॉर्ड माणसांनी भरलेला, आणि कानाचं मशीन घरी राहिलेलं. त्याला ऐकू जाईल असं सांगायचं तर सगळ्या वॉर्डाला ऐकवावं लागलं असतं. मी खाटेशी वाकलो आणि हळूच म्हणालो, "उत्तम, तेव्हा फरक होता रे. शिवणीचा आवाज चांगला होता." तो माझ्या तोंडाकडं बघत होता. "व्हय, व्हय," म्हणाला आणि माझा हात थोपटला. ऐकू न आलेल्या प्रत्येक गोष्टीला तो असंच व्हय व्हय म्हणायचा. पाच दिवसांनी गेला.

पुण्यानुमोदनाला, म्हणजे त्याच्या शोकसभेत, माझ्या हातात माइक दिला. बुद्धवंदना झाली होती, माणसं सतरंजीवर बसली होती, सगळे त्याला ओळखणारे. तिथं तरी सांगायचं ना! मी म्हणालो, उत्तम मनमिळाऊ होता, कष्टाळू होता, समाजाची हानी झाली. लोकांनी माना डोलावल्या. घरी येऊन मी जुन्या मोबाइलमधली ती दोन रेकॉर्डिंग काढली. मनात वेडी आशा होती की तेव्हा माझाच कान चुकला असेल, फरक नसेलच. फरक आहे. कुणीही ऐकावं.

म्हणून हे लिहायला बसलो. छापायला देण्याआधी कमलवहिनींना वाचून दाखवणं भाग होतं. मागच्या रविवारी गेलो. त्या मटकी निवडत होत्या. इथवरचं सगळं मी वाचलं आणि बोलणी खायच्या तयारीनं कागद बाजूला ठेवले. ताटातला त्यांचा हात थांबला होता.

"म्हंजे त्यांचं बरोबर होतं?"

"हो, वहिनी."

"दातात लागायचं ते खरं होतं?"

"खरं होतं."

पदराला डोळे पुसून त्या उठल्या, आत गेल्या आणि एक शाळेची वही घेऊन आल्या. "दवाखान्यातलं तुम्ही सगळं लिहिलं नाय, भाऊजी. तिथं आम्ही त्यांच्याशी लिहूनच बोलत होतो. तुम्ही आलात तव्हा ही वही अन् पेन मीच तुमच्या हातात दिला. तुम्ही परत केला. म्हणलात, ऱ्हाऊ द्या वहिनी, आमचं दोघांचं न लिहिता जमतं."

ते मी विसरलो होतो, असं लिहिणार होतो. विसरलो नव्हतो.

वही त्यांनी माझ्यापुढं ठेवली. उत्तम तोंडानं उत्तरं द्यायचा, त्यामुळं वहीत त्याचा एक शब्द नाही. फक्त त्याच्याशी बोललेली माणसं आहेत. 'चहा देऊ का?' 'पाय दाबू?' 'डॉक्टर उद्या येणार आहेत.' 'ताई पोचली घरी.' मी सगळी पानं चाळली. वॉर्डातल्या नर्सचंसुद्धा अक्षर आहे त्यात : 'काका, हात ढिला सोडा.' माझं कुठंच नाही.