टाकीतलं पाणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सुमनलाही नाही – आणि सुमन माझी बायको, तिच्यापासून घरात गुळाचा खडासुद्धा लपत नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मध्येच "जाऊ दे रे" म्हणणार नाही.

आधी माझ्याबद्दल. मी बी.एस्सी. आहे, रसायनशास्त्र. आमच्या घराण्यात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं, आणि याचा मला अभिमान आहे. नव्वदच्या दशकात जुन्नरला कॉलेजात नाव घालायला तात्या मला सायकलवर डबलसीट घेऊन गेले. तात्या म्हणजे माझे थोरले चुलते, स्वतः चौथी पास. माझा निकाल लागला तेव्हा त्यांनी बाजारात ओळख नसलेल्यांनाही पेढे वाटले. तेव्हापासून गावात माझं नाव गेलं आणि 'बीएस्सी' आलं. तात्याही तीच हाक मारतात. अशी हाक रोज कानावर पडली की माणसाचं काय होतं, ठाऊक आहे? चुकायची सवय मोडते. म्हणजे – चुकतो तो. कबूल करायची सवय मोडते.

तात्यांनी पुढे एक जुनी पांढरी गाडी घेतली. साधी, पेट्रोलवरची. दर संकष्टीला काकूला पुढे बसवून ओझरच्या गणपतीला न्यायचे. गळ्यात तुळशीची माळ, डोक्याला टोपी, आणि हॉर्न मात्र सिनेमातल्या हिरोसारखा. दोन हजार साल उलटून गेल्यावर कधीतरी पारावर बातमी आली, की पेट्रोलात उसाचं काहीतरी कालवतात.

"बीएस्सी, खरं का रं?"

आता हे मला विचारायचं! मी म्हटलं, दाखवतोच. परीक्षा सोपी आहे. बाटलीत थोडं पाणी, वर पेट्रोल, रेघ मारायची, हलवायचं, ठेवून द्यायचं. पाणी जड, ते खाली बसतं. पेट्रोलातलं इथेनॉल पाण्यात उतरतं, आणि खालचा थर रेघेच्या वर चढतो. कॉलेजात काचेच्या नळीत करायचो. इथे सरबताची बाटली होती आणि चैत्रातली सकाळ होती. तात्यांच्या गाडीतून नळीनं पेट्रोल काढलं. पाणी रेघेच्या बोटभर वर चढलं आणि अंगणात टाळ्या पडल्या! मग शेजारची आळी आली. परत दाखवलं. मग खालची आळी. "लई भारी, राव!" आठ वेळा केला मी तो प्रयोग. प्रत्येक वेळी बाटली कॅनमध्ये रिकामी करत होतो.

तेवढ्यात काकू ओरडली, "पोरगी बघायला जायचंय का न्हाई? अन् एवढं पेट्रोल काय वाया घालवायचं?"

कारण त्या दिवशी आम्ही अवसरी बुद्रुकला निघालो होतो – माझ्यासाठी.

मी कॅन उचलला आणि टाकीत ओतला. सगळा.

पाणी जड असतं, खाली बसतं, हे पाचच मिनिटांपूर्वी मी आख्ख्या गावाला शिकवलं होतं. इंजिन टाकीच्या तळातूनच ओढतं, हेही मला माहीत होतं. मग का ओतलं? टाळ्या अजून कानात होत्या, दुसरं काय सांगू?

कळंबच्या अलीकडे गाडीनं दोन आचके दिले आणि बसली. मला त्याच क्षणी कळलं. तिथे बोललो असतो तर? तात्या हसले असते, पाठीत एक धपाटा घातला असता, विषय संपला असता. मी बोललो नाही. कांद्याच्या एका ट्रॅक्टरनं आम्हाला दोर बांधून थेट अवसरीत नेलं. मुलीचे वडील दारात उभे होते.

"या पावणं! नांगरट करून आलात व्हय?"

सगळे हसले. तात्याही हसले, पण त्यांचे कान लाल झाले होते. सोयरिकीच्या दारात ट्रॅक्टरमागून जाणं – ते त्यांनी माझ्यासाठी सोसलं. पोहे येईपर्यंत गावचा मेकॅनिकही आला. अंगणातच त्यानं टाकी खाली केली, बादलीत बघितलं आणि म्हणाला, "ह्यात तर पाणी व्हतं, राव."

सगळे माझ्याकडे वळले. मुलगा शिकलेला ना! आतल्या दारामागे बांगड्या वाजल्या. आणि मी, बी.एस्सी., तोंड उघडलं – "इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं."

"दोन लिटर?" मेकॅनिक म्हणाला. चैत्राचं ऊन, कुत्रं जीभ काढून सावलीला पडलेलं. "तुमी शिकलेली मान्सं. आमी काय बोलावं?"

"इथेनॉल म्हंजी काय रं?" तात्यांनी विचारलं.

सकाळी मी त्याला उसाच्या मळीतून निघणारा पदार्थ म्हटलं होतं. आता मला एक झटपट उत्तर हवं होतं. म्हणालो, "दारूच ती, तात्या. गाडी पिऊन बसलीय."

काय हशा पिकला! मुलीचे वडील गुडघ्यावर थापा मारत होते. दारामागून एक हसू इतकं मोकळं आलं, की मी तिला बघायच्या आधीच होकार देऊन टाकला. सुमन आजही सांगते, "त्या एका वाक्यावर मी हो म्हटलं." अंगणात हसला नाही असा एकच माणूस. तात्यांचा हात माळेवर गेला होता.

माळकरी माणूस दारूला शिवत नाही. पुढच्या संकष्टीला तात्या काकूला म्हणाले, "बाजाराला गाडी चालंल, देवाच्या दारी न्हाई." आणि चालत निघाले. ओझर आमच्यापासून दोन कोस. तेव्हापासून दर संकष्टीला चालत. गाडी त्याच पेट्रोलवर मंचरला गेली, पुण्याला गेली, आमच्या लेकीला दवाखान्यातून घरी घेऊन आली. एकदाही बसली नाही. म्हणजे तिचा दोष नव्हता, हे मला दर खेपेला नव्यानं दिसत होतं. पारावरचे विचारायचे, "तात्या, गाडी आज शुद्धीवर हाय का?" तात्या हसायचे. पण चतुर्थीला चपला घालायचे. काकूचे गुडघे गेल्यापासून ते एकटेच जातात. पुढच्या सीटवर काकू नाही, आणि तो हॉर्न ओझरच्या रस्त्यावर कुणी पुन्हा ऐकला नाही.

मागच्या संकष्टीला मी बरोबर गेलो. तात्या आता काठी टेकतात, तरी वाटभर उत्साहात – ह्याचा ऊस बघ, त्याच्या द्राक्षांना काय बहार आलाय बघ. देवळात एका अनोळखी माणसाला त्यांनी माझा दंड धरून सांगितलं, "ह्यो आमचा पुतन्या, बीएस्सी. ह्यानं बाटलीत धरून दाखवलं म्हून मला कळलं. न्हाईतर मी देवाच्या दारात दारू घिऊन येत व्हतो." त्या माणसानं मला नमस्कार केला. आणि मी – मी तो घेतला. तात्यांनी हातावर ठेवलेला मोदकही खाल्ला.

तात्या छापलेलं सगळं वाचतात. ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत, सावकाश. हे छापून आलं की मीच त्यांच्या हातात देणार आहे आणि वाचून होईस्तोवर समोर बसणार आहे.

तात्या, गाडी कधीच प्यायली नव्हती. पाणी मी ओतलं होतं.