बिनभिंतीच्या जेलातली पाहणी

किस्से काही मुद्दाम जमवावे लागत नाहीत. एकाच ठिकाणी वर्षानुवर्षं जात राहा, गवतातून चालल्यावर धोतराला कुसळं चिकटावीत तसे ते चिकटतात. आमच्याकडे कुणी जेवायला आलं की बायको आधीच दम देते, "आता जेल सुरू करू नका." पण चटणी वाढून होते न होते तोच पाहुणाच विचारतो, "जोशीजी, तो ऑटोवाला किस्सा काय होता हो?" मग माझा काय दोष?

रेल्वे वर्कशॉपमधून रिटायर झाल्यावर लोक भजनी मंडळात जातात, मी जेलात गेलो. कैदी म्हणून नाही. झाशीबाहेर तेव्हा एक खुलं जेल होतं. जन्मठेपेची बरीच वर्षं चांगल्या वागणुकीने काढलेल्यांना तिथे आणत. दिवसा शेतात, नाहीतर परवानगीने शहरात काम करायचं आणि संध्याकाळच्या गिनतीला हजर व्हायचं. काही वेडंवाकडं केलं की परत बंद जेलात, आणि सुटकेचं नाव विसरा. सगळं जेल या एका धाकावर चालायचं.

तिथलं जेवण, पाणी, अंथरूण, औषधं ठीक आहेत का, हे बघायला सरकारने बाहेरची दोन माणसं नेमली होती. एक मी. दुसऱ्या डॉक्टर कुसुमताई, सिव्हिलमधून रिटायर झालेल्या. ताई दतिया गेटजवळच्या जुन्या मराठी घरातल्या. त्यांचे पूर्वज फौजेबरोबर आले आणि इथलेच झाले. त्यांची मराठी इतकी जुनी की मला भुसावळच्या माणसाला मधूनच अर्थ विचारावा लागे. त्यांच्या नातवंडांना मात्र ती नुसती कळते, उत्तर हिंदीत येतं.

* * *

पहिल्या दिवशी आम्ही पोचलो तर समोर भलंमोठं लोखंडी गेट. कुलूप, संत्री, सगळं जागच्या जागी. फक्त गेटच्या दोन्ही बाजूंना भिंत नव्हती. डावीकडे हरभऱ्याचं शेत, उजवीकडे चरणारी बकरी.

संत्री किल्ली शोधत होता. कुसुमताईंना ऊन लागत होतं, त्या सरळ गेटच्या बाजूने आत गेल्या.

"मैडम, गेट से," संत्री कळवळून म्हणाला.

ताई मुकाट्याने बाहेर आल्या. किल्ली सापडली, कुलूप निघालं आणि आम्ही रीतसर आत गेलो. जेलरसाहेब पाठकजी हे सगळं व्हरांड्यातून बघत होते. म्हणाले, "अनुशासन तो रखना पड़ता है." माणूस नियमाचा पक्का. आमच्यामागून आलेल्या बकरीला मात्र ते काही बोलले नाहीत.

* * *

जेवण चाखून बघणं हे आमचं पहिलं काम. पहिल्या भेटीत मटर-पनीर, दुसऱ्या भेटीत मटर-पनीर, तिसऱ्या भेटीतही तेच. वर खीर. वर्कशॉपच्या कँटीनमध्ये मी जन्म काढला, तिथे खिरीत कधी बेदाणा सापडला नाही, इथे काजू होते.

ताईंनी पंक्तीतल्या एका म्हाताऱ्या कैद्याला विचारलं, "बाबा, रोज ऐसा ही खाना मिलता है?"

म्हाताऱ्याने पाठकजींकडे बघितलं, मग पनीरकडे, मग ताईंकडे. हात जोडून म्हणाला, "बाई साब, आप रोज आओ करो."

* * *

म्हणून ठरवलं, पुढची भेट न कळवता. मी घरीसुद्धा बोललो नाही. ताईंना सीपरी बाज़ारात भेटलो, दिसेल त्या ऑटोला हात केला आणि शहराबाहेर पडेपर्यंत कुठे जायचं तेही सांगितलं नाही. फक्त "सीधे चलो, भैया."

मोकळा रस्ता लागल्यावर ताईंनी हळूच जेलाचं नाव घेतलं. ऑटोवाल्याने मान डोलावली. "हमें भी उतईं जाने है. गिनती को टैम हो रओ."

तो तिथला कैदी होता. परवानगी काढून शहरात ऑटो चालवायचा. आम्ही दोघं तपासनीस कैद्याच्या ऑटोतून अचानक धाड घालायला निघालो होतो. वाटेत ताईंनी त्याच्याकडून पाण्यासारख्या मसूरडाळीपासून फाटक्या कांबळ्यापर्यंत सगळी माहिती काढली. आधीच्या तीन भेटींत मिळाली नव्हती एवढी त्या एका फेरीत मिळाली.

गेटवर त्याने भाडं घेतलं नाही. म्हणाला, "घर के लोगन सें का लेने."

* * *

कैद्यांशी बोलताना जेलचं माणूस ऐकण्याच्या टप्प्यात नको, असा नियम. आम्ही लिंबाखाली बसायचो आणि वॉर्डर लांब उभा राहायचा. पावसाळ्यानंतरच्या भेटीत एकेकाला विचारलं, छप्पर गळतं का? सगळे म्हणाले, नाही, आम्हीच शाकारलंय. एकजण मात्र घुटमळला.

"निडर होकर बोलो," मी म्हणालो.

"साब, वो जो दूर खड़े हैं न," त्याने वॉर्डरकडे बोट केलं, "उनके क्वार्टर में घुटने तक पानी भर जाता है. छोटे-छोटे बच्चे हैं. बेचारे बोल नहीं सकते, नौकरी का सवाल है. आप लिख लो."

आम्ही लिहून घेतलं. वरून उत्तर आलं, कर्मचाऱ्यांचं कल्याण आपल्या कक्षेत येत नाही. तेव्हा कैद्यांनी पाठकजींकडून एका रविवारची परवानगी घेतली आणि वॉर्डरचं छप्पर स्वतःच शाकारून दिलं. तो खाली उभा राहून त्यांच्यावर पहारा देत होता.

* * *

आता हरप्रसाद. हा भट्यांचे वाफे सांभाळायचा. वांग्यांना इकडे भटा म्हणतात, आणि याच्या भट्यांना बड़ा बाज़ारात गिऱ्हाईक थांबून असे. जमिनीच्या भांडणात हातून खून झालेला. मुलगी तेव्हा रांगत होती, पुढे सीपरीत मामाकडे वाढली.

काही तक्रार आहे का, असं विचारलं की तो एकच सांगायचा, "हमाई बिटिया को ब्याव है. छुट्टी दिबा दो." दुसरं काही मागितलंच नाही. बायको वारलेली, मागे ही एकच पोर.

नवरामुलगा रेल्वेत, बीना गावचा. आम्ही जोर लावला, पाठकजींनी शिफारस केली. वरून हुकूम आला की लग्न खरंच आहे का याची पोलिसांकडून खात्री करावी. नियमाप्रमाणे शिपाई मामाच्या दारात गेला आणि गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "हरप्रसाद की लड़की की शादी है?"

मामा हादरला. पोलीस कशाला आलाय त्याला काय ठाऊक? सोयरीक मोडेल या भीतीने तो सरळ म्हणाला, "कैसी शादी? इतै कोनऊ शादी-वादी नइयां."

शिपायाने तसं लिहून दिलं. रजा नामंजूर झाली. मला आयुष्यात कुणाचा राग आला नव्हता तेवढा त्या दिवशी आला, पण नेमका कुणावर काढावा ते कळेना. सगळे आपापल्या जागी बरोबर होते.

* * *

लग्नाच्या दिवशीच आमची भेट ठरलेली होती. पोचलो तर पाठकजी व्हरांड्यात येरझाऱ्या घालत होते. हरप्रसाद कालपासून जेवला नव्हता. पाण्याचा थेंबही नाही.

"भूख हड़ताल," पाठकजी हलक्या आवाजात म्हणाले. "ऊपर खबर करनी पड़ेगी. और खबर की, तो ये आज ही बंद जेल जाएगा."

आम्ही वाफ्यांकडे धावलो. हरप्रसाद कुदळ चालवत होता.

"अरे, तुम्हारी माँग क्या है?" मी विचारलं.

तो गोंधळला. "माँग? हमें कछू नईं चाहने. आज बिटिया के पाँव पखारे जैहैं. बाप ऊके पैलें कैसें खा ले?"

कुसुमताईंनी मला मराठीत समजावलं. इकडे कन्यादानाला आईबाप हळदीच्या पाण्याने मुलीचे आणि जावयाचे पाय धुतात. ते होईपर्यंत त्यांचा कडक उपास. वऱ्हाडाला संध्याकाळची गाडी गाठायची म्हणून लग्न दिवसाचं होतं. पाय मामा धुणार होता. उपास तेवढा हा इथे करत होता.

आम्ही परत व्हरांड्यात आलो. पाठकजींनी सगळं ऐकून घेतलं.

"पर लिखूँ क्या?" ते शेवटी म्हणाले. "खाना तो नहीं खाया न."

ताईंनी हरप्रसादला बोलावून त्याची नाडी धरली. एरवी त्या घड्याळाकडे बघत, आज रस्त्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "अभी कुछ मत लिखिए. बहुत कमज़ोरी है. शहर के अस्पताल में जाँच करानी होगी. मैं खुद साथ जाऊँगी, गिनती से पहले ले आऊँगी."

सकाळपासून कुदळ चालवणारा माणूस अशक्त कसा, हे पाठकजींनी विचारलं नाही. "बीमार को अस्पताल भेजना तो नियम है," एवढंच म्हणाले आणि जीप मागवली. हरप्रसाद, ताई आणि वॉर्डर गेले. दवाखान्यात माझं काय काम, म्हणून मी मागे राहिलो. पाठकजींनी आणि मी चहा घेतला, मग आणखी घेतला. पाठकजी प्रत्येक आवाजाला खुर्चीतून उठत होते.

सगळे कैदी गिनतीला उभे राहिले. जागा एकच रिकामी. मोजणी थेट त्या रिकाम्या जागेपर्यंत आली, तेव्हा जीप गेटातून, रीतसर कुलूप काढून, आत आली.

हरप्रसाद उतरून आपल्या जागी उभा राहिला. डोळे लाल, आणि दोन्ही हात मनगटापर्यंत पिवळेजर्द.

रांगेत कुणी हललं नाही. पाठकजी चालत त्याच्यासमोर गेले. "हाथ दिखाओ."

त्याने हात पुढे केले. पाठकजींनी ते उलटसुलट करून पाहिले आणि ताईंकडे वळले.

"ये अस्पताल वाले भी," ते म्हणाले, "टिंचर बहुत लगा देते हैं."

मग गिनती लिहिणाऱ्या मुन्शीला म्हणाले, "गिनती पूरी. इसे खाना दो."