मोकळ्यांचा रकाना

फळेमास्तरांनी फळ्यावर स्वतःच्या हाताने कधी एक अक्षर लिहिलं नाही. फळा त्यांनी आणला, भिंतीवर ठोकून घेतला, त्यावर रकाने आखून घेतले. खडू मात्र नेहमी दुसऱ्याच्या हातात. “मी लिहिलं तर तो माझा फळा होईल. तो तुमचा व्हायला पाहिजे,” असं म्हणायचे. झालाही आमचा. पुढे केसाने आमचा गळा कापला गेला, तेव्हाही मास्तरांच्या बोटाला खडूची पूड लागलेली नव्हती.

आमचा कारखाना बडोद्यात, मकरपुऱ्याच्या अंगाला. विजेची कंट्रोल पॅनेलं बनायची आणि वायरिंगचा विभाग माझ्याकडे होता. आम्ही दांडिया बाजारातले शिर्के. पूर्वजांनी संस्थानच्या सरकारात तलवार चालवली, मी पेचकस चालवला, एवढाच काय तो फरक. नव्वदनंतर बाजार खुला झाला, बाहेरची देखणी पॅनेलं येऊ लागली, तशी आमच्या मालकांची झोप उडाली. त्यांनी पुण्याहून एक साहेब आणले. जपानी पद्धतीने काम कसं करायचं ते हे साहेब आम्हाला शिकवणार होते. आम्ही मनात म्हटलं, चला, असे बरेच आले आणि गेले.

पण हा माणूस निराळा निघाला. पहिल्याच रविवारी मला बरोबर घेऊन ते रंगीत कार्डशीट आणायला मांडवीच्या बाजारात गेले. एकेक रंग उजेडात धरून पाहत होते, पिवळा जरा मळकट वाटला तर परत करत होते. कंटाळलेल्या दुकानदाराने शेवटी विचारलं, “साहेब, कई निशाळमां भणावो छो?” म्हणजे कुठल्या शाळेत शिकवता. साहेब गंभीरपणे म्हणाले, “मोटा छोकराओनी.” सोमवारी मी ही गोष्ट विभागात सांगितली आणि त्या दिवसापासून ते फळेमास्तर झाले. त्यांच्या कानावर ते नाव गेलं तेव्हा ते रागावले नाहीत, उलट खूश झाले.

रोज सकाळी सगळ्यांनी फळ्यापाशी उभं राहायचं. खुर्ची कुणालाच नाही, मॅनेजरलासुद्धा नाही. “बसलं की बैठक लांबते,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. एकेका पॅनेलची चिठ्ठी ‘करायचं’मधून ‘चालू’मध्ये आणि ‘चालू’मधून ‘झालं’मध्ये सरकायची. मग मास्तर आपल्या पुणेरी गुजरातीत विचारायचे, “बोलो, शुं अटक्युं छे?” काय झालं हे ते कधी विचारत नसत, काय अडलं तेवढंच विचारत. ज्याचं काम अडलं असेल त्याने लाल चिठ्ठी लावायची, आणि लाल चिठ्ठी लावणाऱ्याला मास्तरांच्या खिशातून स्पेशल चहा.

आता अडचण लपवण्यात आम्ही सगळे मुरलेले. तोवर अडचण दाखवली की शिव्या मिळत. इथे चहा मिळायला लागला. एकदा तांब्याच्या पट्ट्या आल्या नव्हत्या. पूर्वी आम्ही आठवडाभर ‘होऊन जाईल’ करत बसलो असतो आणि शेवटी रात्रपाळ्या मारल्या असत्या. जशुभाईंनी सरळ लाल चिठ्ठी लावली. दुपारच्या आत स्टोअरचे साहेब स्वतः धावत आले. पॅनेल वेळेवर ट्रकमध्ये चढलं तेव्हा जशुभाई एखाद्या वरबापासारखे ट्रकभोवती फिरत होते. माझ्या नोकरीतले ते दिवस सर्वांत सुखाचे होते, हे मी आज रागात असूनही सांगतो.

मग मास्तरांनी माणसांचा फळा आणला. प्रत्येकाच्या नावाची पत्र्याची लहानशी पाटी, आणि दोनच रकाने: ‘कामात’ आणि ‘मोकळा’. हातातलं काम संपलं की आपली पाटी आपणच उचलून ‘मोकळा’च्या खिळ्यावर टांगायची, म्हणजे ज्याला मदत हवी त्याने येऊन हाक मारावी. पहिले काही दिवस त्या बाजूला एकही पाटी गेली नाही. कारखान्यात रिकामा दिसणं म्हणजे पापच की! मास्तर म्हणाले, “रिकामं असणं हे पाप नाही. रिकामं असून घाईत असल्याचं सोंग करणं हे पाप.”

जशुभाई आमच्यातले सगळ्यांत वयस्कर आणि हाताला सगळ्यांत चलाख. त्यांनी भीडभाड न ठेवता विचारलं, “मास्तर, आ बोर्ड ऑफिसमां तो नहीं जाय ने?” मास्तरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. “जशुभाई, हा फळा अडचणीला पकडायला आहे, माणसाला नाही. याच्यामुळे कुणाच्या पोटावर पाय आला तर मी या कारखान्यात उभा राहणार नाही.” अगदी डोळ्यांत डोळे घालून म्हणाले. जशुभाईंनी तिथल्या तिथे आपली पाटी उचलून ‘मोकळा’वर टांगली. त्यांच्या मागोमाग मी माझी टांगली.

जशुभाईंचं आणि माझं काम भराभर आटपे, त्यामुळे आमच्या पाट्या त्या खिळ्यावर वरचेवर दिसत. आमचा प्रवीण मात्र बेरकी. त्याची पाटी जन्मात ‘कामात’वरून हलली नाही. काखेत ड्रॉइंगची गुंडाळी मारून तो दिवसभर भरभर चालायचा. कुठून कुठे जायचा ते देवाला ठाऊक. आम्ही त्याला हसायचो. मास्तरही हसायचे.

पावसाळा संपता संपता स्वेच्छानिवृत्ती जाहीर झाली. नावात स्वेच्छा होती, पण बोलावणं ऑफिसातून एकेकाला आलं. पर्सोनेलचे साहेब गोड आवाजात म्हणाले, “शिर्के, आम्ही काही ठरवलेलं नाही. तुमची पाटी तुम्हीच मोकळ्यांत टांगत होतात.” मास्तर त्याच खोलीत होते, खिडकीतून बाहेर पाहत होते. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. ज्याने आम्हाला ‘काय अडलंय’ ते सांगायला शिकवलं, त्याच्या तोंडून त्या वेळी शब्द फुटला नाही. माझ्या आधी जशुभाई जाऊन आले होते. ते बाहेर बाकावर बसले होते. मला एवढंच म्हणाले, “शिर्केभाई, पूछ्युं तो हतुं ने में?” विचारलं तर होतं ना मी! प्रवीण कामावर राहिला.

मला राहवेना. संध्याकाळी मी समा भागात मास्तरांच्या घरी गेलो. वहिनींनी पाणी आणलं; त्यांना काही कल्पना नसावी, हसून जेवायलाच थांबा म्हणाल्या. त्या आत गेल्यावर मी विचारलं, “मास्तर, तुम्हाला हे कधी कळलं?”

“मला पुण्याहून बोलावलं तेव्हाच,” ते म्हणाले. “माणसं कमी करायची होतीच, शिर्के. कुणाला, तेवढं बघायचं होतं.”

“मग जशुभाईंना शब्द कसा दिलात?”

मास्तरांनी पाण्याचं भांडं बाजूला सरकवलं. मग खाली बघत म्हणाले, “तो दिला नसता तर कुणी पाटी हलवली नसती.”

मी उठलो. ते फाटकापर्यंत आले. “पद्धत खोटी नाही, शिर्के,” म्हणाले. “आणि तुम्ही माझे सर्वांत चांगले विद्यार्थी होतात.” ते मनापासून बोलत होते, याचाच मला जास्त संताप आला. मी म्हटलं, “वाईट निघालो असतो तर उद्या कामावर गेलो असतो.” आमचं एवढंच शेवटचं बोलणं. शब्द दिल्याप्रमाणे ते त्या कारखान्यात उभे राहिले नाहीत, हे खरं. दिवाळीनंतर ते दुसऱ्या कुठल्याशा कारखान्यात फळे लावायला गेले.

मी घरच्या घरी पॅनेल दुरुस्तीचं काम सुरू केलं. ते बरं चालतं. काम उघड्यावर मांडायचं, अडलेलं आधी बोलायचं, ही शिस्त मास्तरांचीच, आणि तिच्यावरच माझं घर चाललंय. त्यांच्याइतकं मला कुणी शिकवलं नाही. त्यांच्याइतकं मला कुणी फसवलंही नाही. त्यांची आठवण आली की आधी माया दाटून येते, आणि मग माया वाटली म्हणून स्वतःचाच राग येतो.

कधी दुपारी काम लवकर आटोपतं आणि मी नुसता बसलेला असतो. बायको स्वयंपाकघरातून विचारते, “अहो, मोकळे आहात का जरा?” घरात आम्ही दोघंच. कोण काढणार मला इथून? तरी मी घाईघाईने समोरच्या पॅनेलचं दार उघडून आत डोकं घालतो आणि ओरडून सांगतो, “छे छे, कामात आहे!”