रोज नवीन मावशी

वसतिगृहात स्वयंपाकाच्या जागेसाठी आलेल्या माणसांच्या गमती लोक मला अजून सांगायला लावतात. लग्नाबारशात जुनी सहकारी भेटली की म्हणते, "मॅडम, तो झारा घेऊन आलेला आचारी सांगा ना." मी सांगते. लोक हसतात. सांगून झालं की माझं डोकं तापतं आणि दिवसभर उतरत नाही. म्हणून एकदा सगळंच लिहून टाकते, हसण्याजोगं आणि त्याच्या मागचंही.

मी तेव्हा गेवराईच्या पुढे, हायवेला लागून असलेल्या मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिका होते. मुली बहुतेक शिरूर कासारकडच्या. आईबाप ऊसतोडीला गेले की ते परत येईपर्यंत ऐंशी मुली आमच्याकडे. त्या वर्षी ऐन दिवाळीनंतर जुनी स्वयंपाकीण मुलाकडे पुण्याला निघून गेली. संस्थेच्या सचिवांनी मला कागद लिहायला लावला : 'स्वयंपाकी पाहिजे. स्त्री अथवा पुरुष. एक दिवस काम करून दाखवावे लागेल.' तो बसस्टँडवर चिकटवला आणि त्याचा फोटो व्हॉट्सॅपवर फिरला. एक दिवस काम करून दाखवण्यात मला काही वावगं वाटलं नाही. ऐंशी जणींचा स्वयंपाक तोंडी विचारून कळत नाही.

पहिला आला तो केजकडचा आचारी. एसटीतून उतरला तेव्हा त्याच्या खांद्यावर बंदुकीसारखा हातभर लांब झारा होता. आल्या आल्या विचारलं, "वऱ्हाड किती?"

"वऱ्हाड नाही, मुली आहेत. ऐंशी."

"म्हंजे लहान लग्न," तो म्हणाला आणि कामाला लागला. मसालेभात, बटाट्याची रस्साभाजी, वर बुंदी. मुलींनी बोटं चाटली. पंधरा दिवसांचं तेल एका दिवसात संपलं. संध्याकाळी झारा धुऊन पुन्हा खांद्यावर टाकला आणि म्हणाला, "कळवा मग."

दुसऱ्या दिवशी एक पंचविशीतला तरुण आला, सोबत त्याची आई. पदर खोचून ती शेगडीशी बसली आणि हा भिंतीला टेकून मोबाइल बघत उभा. मी म्हटलं, "स्वयंपाक तुम्हाला येतो ना?"

"मी अर्जदार हाय मॅडम," तो म्हणाला. "कामाची ती हाय."

आईने मान वर न करता सांगितलं, "त्याला लिवता येतं. मला येत न्हाई. म्हनून त्याच्या नावानं."

मग एक एम.ए. बी.एड. आला. त्याच्या फाइलीत सगळं लॅमिनेशन केलेलं होतं : पदव्या, टायपिंग, रक्तदान, गावच्या क्रिकेटमधलं उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचं प्रमाणपत्रसुद्धा. आत येताच माझ्या पाया पडला, मग पहारेकऱ्याच्या पडला, आणि तेवढ्यात गॅसची टाकी घेऊन एक माणूस आला तर संस्थेचा कोणी मोठा असेल म्हणून त्याच्याही पाया पडला. टाकी खांद्यावर असल्यामुळे त्या बिचाऱ्याला मागे सरकताही येईना. फोनवरचा व्हिडिओ बघून त्याने पिठलं केलं. ते खाली लागलं. दुसऱ्या दिवशी न बोलावता पुन्हा आला आणि दुसऱ्या उमेदवाराला कांदे चिरू लागला. मी विचारलं, "तुमचा दिवस झाला ना?"

"झाला मॅडम. पन तुमच्या नजरंसमोर असावं म्हनलं."

एक बाई जाताना साखरेच्या डब्यात मीठ मिसळून गेली. पुढची नापास व्हावी म्हणून. दुसऱ्या दिवशी ऐंशी मुलींनी चहा थुंकला आणि त्या पुढच्या बाईला मी सगळ्यांसमोर बोल बोल बोलले. ती लेकराची शपथ घेऊन सांगत होती की साखर समजूनच मी डब्यात हात घातला. डबा चाखून बघायचं मला दुपारी सुचलं. तोवर ती रडत स्टँडला पोचली होती.

आणि एक म्हातारा मेंढपाळ आला. धोतर, डोक्याला भलं मोठं मुंडासं, काखेत कोकरू. "साहेबाला आनलंय," म्हणाला. सचिव त्या दिवशी नेमके आलेले. "अहो कशाला, कशाला," म्हणत त्यांनी स्वतः गाडीचं मागचं दार उघडून दिलं. म्हातारा आयुष्यभर मेंढ्यांमागे फिरलेला, उघड्यावर तीन दगडांवर रांधलेलं. त्याच्या भाकरी कागदासारख्या पातळ आणि एकही करपलेली नाही. मला वाटलं, झालं, माणूस मिळाला.

त्याच दुपारी मी सचिवांना म्हटलं, "यांना घेऊ या. दहा दिवस झाले."

ते खुर्चीत रेलून बसले होते. "घाई काय आहे मॅडम? रोज माणूस येतोय ना?"

"येतोय. पण ट्रायलला, बिनपगारी."

"मग येऊ द्या. कागद पाहून अजून फोन येतायत मला. असेच येत राहिले तर मार्चपर्यंत आपलं निघून जाईल. जागा भरायची कशाला?"

ते हे अगदी सहज म्हणाले, पंखा बंद करा म्हणावं तसं. त्या वाक्याचा मला इतका संताप आला की कानशिलं गरम झाली. आणि तो संताप पोटात घेऊन मी काय केलं? ऑफिसात गेले, रजिस्टर उघडलं, पुढच्या नावाला फोन लावला आणि सांगितलं, "उद्या सकाळी सहाला या. येताना आधार कार्ड आणा." रोजचे फोन मीच करत होते. संध्याकाळी प्रत्येकाला "निकाल कळवू" हेही मीच म्हणत होते. सचिव तर आठवड्यातून एकदा यायचे.

सतराव्या दिवशी शिरूर कासारकडची एक बाई आली. चाळिशीची असेल, उन्हाने रापलेली. डोक्यावर जुन्या लुगड्यात गुंडाळलेली स्वतःची परात. बारा वर्षं नवऱ्यासोबत ऊस तोडलेला. "यंदा टोळीसंगं गेले न्हाई," एवढंच तिने सांगितलं, आणि उभं राहताना कंबरेला हात लावला, त्यावरून उरलेलं कळलं.

तिने पीठ मळलं, भाकरी थापल्या, शेंगदाण्याची आमटी केली. काम चालू असतानाच कोणती मुलगी कुठल्या गावची हे विचारून घेतलं. दोघी तिच्या ओळखीतल्या निघाल्या, त्यांचे आईबाप एका साली तिच्याच टोळीत होते. वाढताना त्यातली एक, पाचवीतली, तिला म्हणाली, "मावशी, तूबी उद्या येनार न्हाईस ना?"

"कावून बरं?"

"रोज नवीन मावशी येती. परवा काका आलते."

बाईने वाढणं पूर्ण केलं. भांडी घासली. मग परात पुसत ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली.

"मॅडम, किती जन येऊन गेले?"

"सोळा."

"जागा हाय का न्हाई, खरं सांगा."

मी म्हणाले, "निकाल कळवू."

ती दारातून हलली नाही. टेबलावर रजिस्टर होतं, त्यात सगळ्यांची नावं, गावं, फोन नंबर. मी ते त्या नावांच्या पानावर उघडं ठेवलं आणि "नळ चालू राहिलाय वाटतं," म्हणून उठून गेले. परत आले तेव्हा ती गेली होती. जाताना पहारेकऱ्याला विचारून गेली होती की सचिव कुठल्या वारी येतात.

सचिव सोमवारी यायचे. सोमवारी सकाळी सातच्या आत दोन काळ्या-पिवळ्या जीपा फाटकाशी थांबल्या. आचारी उतरला, झाऱ्यासकट. मेंढपाळ उतरला. तो तरुण आणि त्याची आई. मीठ घालणारी आणि जिला मी बोलले होते ती, दोघी एकाच सीटवरून. असे बारा-तेरा जण, आणि सगळ्यांत शेवटी शिरूरची बाई. फक्त एम.ए. बी.एड. नव्हता. त्याची कुठलीशी परीक्षा होती म्हणे. त्या दिवशीचा उमेदवार मी फोन करून बोलावलेलाच होता. हे सगळं बघून तोही त्यांच्यात जाऊन बसला.

शिरूरच्या बाईने आधी मुलींसाठी पोहे केले. मुली खाऊन शाळेला गेल्या. मग तिने गॅस बंद केला आणि सगळ्यांसोबत ओसरीवर बसली.

सचिव दहाला आले. गाडीतून उतरतानाच म्हणाले, "हे काय? मोर्चा आहे का?"

"न्हाई साहेब," ती म्हणाली. "निकाल घ्यायला आलोत."

"निकाल फोनवर कळवणार होतो."

"तुमाला तरास कशाला?"

"हे बघा, ट्रायल म्हणजे ट्रायल. एकाच दिवसात माणूस कळत नाही."

"भाकर येती का न्हाई ते एका भाकरीत कळतं," ती म्हणाली. "तुमी सतरा दिस काय बघत व्हता?"

सचिवांनी पोलीस बोलवायची भाषा केली. आचारी म्हणाला, "बोलवा की. त्यांचाबी सैपाक करू. त्यांची ट्रायल राहिली हाय." दोघं-तिघं हसले. मेंढपाळ हसला नाही. तो हळू आवाजात म्हणाला, "माजं कोकरू?" सचिवांनी ऐकलंच नाही असं केलं. त्याने पुन्हा विचारलं. तेव्हा ते माझ्याकडे वळले, "मॅडम, तुम्ही सांगा ना यांना नीट समजावून. रोज तुम्हीच बोलता यांच्याशी."

मी म्हणाले, "जागा भरायचीच नव्हती. असेच येत राहिले तर मार्चपर्यंत निघून जाईल, असं सर मला म्हणाले होते."

मला वाटलं होतं आरडाओरडा होईल. तो झाला नाही, आणि ते जास्त वाईट होतं. त्या तरुणाच्या आईने फक्त पदराने हात पुसले, कोरडे असूनही.

सचिव हुशार माणूस. ते म्हणाले, "ठीक आहे. जागा एकच आहे. तुम्हीच एक नाव ठरवा, मी आत्ता ऑर्डर देतो." आणि ऑफिसात जाऊन बसले. हे आपसात भांडतील आणि निघून जातील, हा हिशोब मला दिसत होता.

आणि ते भांडले. तास-दीड तास भांडले. प्रत्येकाची गरज दुसऱ्यापेक्षा मोठी. मिठाचं प्रकरण निघालं, दोघी एकमेकींचे केस ओढण्यापर्यंत आल्या. तो तरुण म्हणत होता, आई करते त्याची नोकरी पोराला दिली तर काय बिघडलं. मी खांबाला धरून उभी होते. मला त्यांचा राग येत नव्हता. आत खुर्चीत चहा मागवून बसलेल्याचा येत होता.

शेवटी मेंढपाळ उठला. "लेकरांला सकाळी कुनी खाऊ घातलं?" त्याने विचारलं.

एकेकाची नजर त्या बाईकडे वळली.

"आपुन समदे गाडीतून उतरलो आन् बसलो. ध्यानात कुनाच्या आलं? तिलाच द्या."

आचारी लगेच हो म्हणाला. त्याला म्हणे लग्नसराई होतीच. बाकीचे एकेक करून गप्प झाले, खुशीने नव्हे. तरुण शिव्या देत हायवेकडे चालू लागला. त्याची आई जाताना त्या बाईच्या डोक्यावरून हात फिरवून गेली.

ऑर्डर मी टाइप केली, सचिवांनी सही केली. इतरांच्या एकेका दिवसाचं काहीच मिळालं नाही. कोकरूही नाही. ते कधीच संपलं होतं.

बाई दुसऱ्या दिवसापासून रुजू झाली. मुली खूश होत्या. माझ्याशी मात्र ती कामापुरतंच बोलायची. "गॅस संपला." "पीठ आनायचंय." दोन महिने मी सहन केलं. मग एकदा भाजी निवडताना जवळ जाऊन बसले आणि म्हणाले, "त्या दिवशी रजिस्टर मी मुद्दाम उघडं ठेवलं होतं."

"ठावं हाय," ती म्हणाली. मेथीची काडी मोडली. "उघडं ठिवलं. हातात द्यायला काय झालतं?"

माझ्या उत्तराची तिने वाटही बघितली नाही, पुढची जुडी ओढली.

जूनमध्ये संस्थेने माझी नेमणूक पुढे चालवली नाही. कारण लेखी दिलं नाही, आणि ते मला विचारायचंही नव्हतं. घरात कमावणारी मी एकटी. केजला एका वसतिगृहात जागा निघाली म्हणून फाइल घेऊन गेले. समोर तिघं बसलेले. माझा सतरा वर्षांचा अनुभव वाचून झाल्यावर मधले म्हणाले, "आठ दिवस येऊन काम बघा. मग ठरवू."

मी म्हणाले, "आठ दिवसांचा पगार?"

"ट्रायलला कसला पगार, मॅडम?"

मी फाइल उचलली आणि उठले. व्हरांडा ओलांडून फाटकापर्यंत गेले. अंगाची आग झाली होती. जीप उभी होती, ड्रायव्हर "स्टँड, स्टँड" ओरडत होता. मी एक पाय जीपमध्ये ठेवला, आणि खाली घेतला. परत व्हरांडा ओलांडून त्याच दारात जाऊन विचारलं, "सकाळी किती वाजता येऊ?"

ते एकमेकांकडे बघून हसले. मी परत येणार यावर बहुधा त्यांची पैज लागली असावी.

आठव्या दिवशी मात्र मी संध्याकाळी घरी गेले नाही. ऑफिसात त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, निकाल कळवू नका, आत्ता द्या. पाऊण तास लागला. नेमणुकीचा सहीचा कागद घेतला, शिक्का नव्हता, तर तो मारून मागितला, आणि मगच उठले.