पट्टी निळीच राहिली

माझ्या थोरल्या वहिनींची सगळी नोकरी जनावरांच्या दवाखान्यातल्या प्रयोगशाळेत गेली. लांब काठीला पळी बांधून त्या कुत्र्यांच्या मागे फिरत. कुत्र्यानं पाय वर केला की पळी खाली. लघवी ताजी असतानाच तपासायची, शिळी झाली की ती खोटं बोलते, असं त्या म्हणत. दादा चिडवायचा, "लोक साहेबांच्या मागे फायली घेऊन फिरतात, आमची ही कुत्र्यांच्या मागे पळी घेऊन."

"कुत्री निदान ओळख ठेवतात," वहिनी म्हणायच्या.

एकदा आमच्या गल्लीतले शिंपीदादा त्यांच्या कुत्र्याला, ढोल्याला, घेऊन आले. ढोल्याला सारखा मुतखडा होई. त्याची मूत्रपिंडं अंगातलं जादा आम्ल बाहेर टाकतात की नाही, हे डॉक्टरांना पाहायचं होतं. त्यासाठी आम्ल वाढवणारी कॅप्सूल द्यायची आणि काही तासांनी लघवीत कागदाची पट्टी बुडवायची. मूत्रपिंडं धड असली तर पट्टी पिवळी होते, नसली तर निळी राहते. ढोल्या परक्या हातून काही घेईना, म्हणून वहिनींनी कॅप्सूल शिंपीदादांकडे दिली.

दुपारी पट्टी निळी आली. वहिनी ती घेऊन डॉक्टरांकडे निघाल्या, तेव्हा शिंपीदादांनी खिशातून हात काढला. तळहातावर कॅप्सूल चिकटलेली होती.

"त्यानं थुंकून टाकली, मग मला पुन्हा देववेना," ते म्हणाले. "आमची हीसुद्धा मूत्रपिंडांनीच गेली, वहिनी. काय निघेल, याची धास्ती वाटली."

वहिनींनी पट्टी टोपलीत टाकली. "उद्या पुन्हा या. पण उद्या त्याची आई होऊन या. औषध पाजताना आई रडते, पण पोराचं दाबलेलं नाक सोडत नाही."

दुसऱ्या दिवशी शिंपीदादांनी स्वतः ढोल्याचा जबडा उघडला, कॅप्सूल पार जिभेमागे ठेवली आणि ती गिळल्याचं बोटांना कळेपर्यंत त्याचा गळा चोळत राहिले. मग आवारात फेऱ्या सुरू झाल्या. पुढे ढोल्या, मागे शिंपीदादा, त्यांच्यामागे पळी घेऊन वहिनी.

पट्टी निळीच राहिली.

"म्हणजे काल कळलं तेच," शिंपीदादा म्हणाले.

"काल काहीच कळलं नव्हतं, शिंपीदादा. आज कळलं. त्याचं आम्ल बाहेर पडत नाही, तर ते मारणारी पूड रोज द्यायची. जन्मभर. खारट असते, थुंकेल तो."

"थुंकू दे. पुन्हा देईन."

पुढे संध्याकाळी, ढोल्याला पूड द्यायच्या वेळी, घरी येताना वहिनींना शिंपीदादांच्या दुकानातलं शिवणयंत्र मध्येच थांबलेलं ऐकू यायचं. त्या तिथंच उभ्या राहत. यंत्र पुन्हा सुरू झालं की घरी येत.