सेलिनाच्या घरचा नळ

सेलिना रिडआउट आयुष्यात एकाच बाबतीत खोटं बोलली, आणि ती बाब म्हणजे पाणी. एरवी जे असेल ते तोंडावर. माझ्या पावाला ती ‘दाराला टेकू द्यायला बरा’ म्हणाली होती, तेही चर्चच्या पायरीवर, पाद्र्याच्या बायकोसमोर. पण हिवाळ्यात तिचा मुलगा क्लेटन तिकडे आल्बर्टाहून फोन करून विचारायचा, “आई, पाईप कसे आहेत?” की बाईसाहेब गोड आवाजात सांगायच्या, “झकास, माझ्या राजा. धो धो पाणी आहे.” त्या क्षणी माझ्या घरातला होजपाईप तिच्या खिडकीतून आत आलेला असायचा आणि त्याचं टोक बादलीत धरून मी तिच्यासमोर उभी असायचे. बादल्या भरल्या की तो गुंडाळून परत माझ्या चुलीशी न्यायचा, नाहीतर तोही गोठायचा. शेजारधर्म म्हणतात तो हाच.

तिचं घर पाण्यावरूनच इथे आलं. न्यूफाउंडलंडमधली लहान लहान बेटं सरकारने रिकामी करायला लावली, तेव्हा लोकांनी घरं मागे सोडली नाहीत. खाली रिकामी पिंपं बांधली, घर समुद्रात ढकललं आणि बोटींनी ओढत आमच्या पिंचर्स कोव्हला आणलं. सेलिना तेव्हा नवी नवरी. आपण सगळा प्रवास स्वयंपाकघरात बसून केला आणि चुलीवर चहाची किटली होती, असं ती शपथेवर सांगते. तिचा दीर म्हणायचा की ती बोटीत बसून रडत होती. मी किटलीवर विश्वास ठेवते.

इथे आल्यावर तिच्या नवऱ्याने, एफ्रमने, घरात नळ आणला. भांडी घासताना समुद्रातल्या बोटी दिसल्या पाहिजेत असा हिचा हट्ट, म्हणून मोरी उत्तरेच्या खिडकीखाली, आणि लोखंडी पाईप उत्तरेच्या बाहेरच्या भिंतीतून. उत्तरेकडून इथे काय वारा येतो ते आमच्या गुडघ्यांना विचारा. दर हिवाळ्यात पाईप गोठायचे. एफ्रम गरम पाण्यात बुडवलेली फडकी त्यांच्याभोवती गुंडाळायचा आणि अशा शिव्या द्यायचा, की आमची मांजर पलंगाखाली जायची. आणि सेलिना त्याच्यामागे चहाचा कप घेऊन उभी.

थंडीत नळ बारीक सोडून ठेवायचा हे इथल्या सगळ्याच घरांत. वाहतं पाणी सहसा गोठत नाही. पण रिडआउटांच्या नळात गंज साचायचा आणि ती बारीक धार मध्येच बंद पडायची. म्हणून धार सोडली की नळाच्या मानेवर दोन टिचक्या मारायच्या, टक टक, मगच झोपायला जायचं. क्लेटन लहानपणी एकदा विसरला आणि सकाळी पाईप फुटला. एफ्रमने त्याचा कान असा पिळला, की पुढे पोरगं आमच्या घरी पाणी प्यायलं तरी आमच्या नळाला टिचक्या मारायचं.

एफ्रम गेल्यावर शिव्या देणारं कुणी राहिलं नाही, म्हणून होजपाईप घेऊन मी आले. गेल्या वर्षी मात्र पितळ उघडं पडलं. क्लेटन न सांगता आला तर स्वयंपाकघरात घोट्याएवढं पाणी, वर बर्फाचा पापुद्रा, आणि त्यात सेलिना एफ्रमचे बूट घालून उभी.

“हे झकास?” तो म्हणाला.

“आज जरा बिघडलंय,” ती म्हणाली.

तो ओरडला असता तर तिने निभावून नेलं असतं. पण तो खुर्चीवर बसून रडला. शेवटी तिने शब्द दिला: येत्या हिवाळ्यात पाईप पुन्हा गोठले तर घर विकायचं आणि त्याच्याकडे, त्या समुद्र नसलेल्या गावात राहायला जायचं. सेलिना शब्द मोडत नाही. मला त्या रात्री अन्न गेलं नाही.

पानं गळायला लागली तसा आमचा प्लंबर हेडली आला. हेडलीचे हात चांगले आहेत, पण तोंड हातांच्या आधी चालतं. पहिला दिवस चहा आणि गप्पांत गेला.

“सेलिना मावशी, मोरी इथून हलवू. आतल्या भिंतीला नेऊ, चुलीशेजारी. कटकटच मिटेल.”

“आणि मी भांडी घासताना काय बघू? तुझं थोबाड?”

“बायको तर रोज बघते.”

“म्हणूनच तिला चष्मा लागला.”

मोरी हलली नाही. हेडलीने पाईप चुलीमागून आतल्या भिंतीत घेतले, उबदार बाजूने जमिनीखालून मोरीपर्यंत आणले आणि शेवटच्या हातभर तुकड्याला जाड गादीसारखं वेष्टण गुंडाळलं. नवे पाईप प्लॅस्टिकचे, पोराच्या बोटासारखे वाकणारे. सेलिनाला पटेना. “ह्याच्यातून पाणी येणार? ह्याच्यातून मी सरबतसुद्धा पिणार नाही.”

मग त्याने उत्तरेची भिंत उघडली आणि जुने पाईप बाहेर काढले. आतून गंजाने इतके भरलेले की पेन्सिल जाईना. सेलिनाने एक तुकडा डोळ्याला लावून खिडकीकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

“बिचारा,” ती म्हणाली. “ह्याच्याशी भांडत होता जन्मभर. आणि मला वाटायचं, माझ्यावरच चिडलाय.”

ते पाईप ती भंगारात देईना. अंगणातही नकोत, डोळ्यांसमोर येतात म्हणे. तेव्हा हेडलीने त्यातला एक लांब तुकडा उचलला, खाली एफ्रमचा जुना बूट बसवला, वरपासून खालपर्यंत बाटल्यांची पत्र्याची झाकणं सैलसर जोडली आणि जमिनीवर आपटून वाजवून दाखवला. छनछन, धप! सेलिना इतकी हसली की तिला बसावं लागलं. “हां,” ती म्हणाली, “हा आवाज एफ्रमचाच.”

नाताळ आला आणि थंडीने कमाल केली. खाडी गोठली, माझ्या न्हाणीतला नळ गोठला, पाद्र्याकडचा गोठला. सेलिनाचा वाहत होता! क्लेटनचा फोन आला, सुट्टी मिळत नाही, येता येणार नाही. मग नेहमीचा प्रश्न. ती म्हणाली, “धो धो पाणी आहे, राजा.”

“आई, हे तू दर वर्षी म्हणतेस.”

फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. “फ्लोरी, एवढी वर्षं खोटं बोलले तर पोरगा गप्प बसायचा. आज खरं बोलले तर विश्वास नाही!” हसत म्हणाली, आणि जाऊन नळ पुन्हा एकदा सोडून बघितला.

नाताळनंतरच्या दिवसांत आमच्याकडे सोंगं निघतात. जेवणं आटोपली की दार वाजतं आणि बाहेरून श्वास आत ओढत कुणीतरी विचारतं, “सोंगांना घरात घेता का?” आवाज ओळखू येऊ नये म्हणून बोलणं सगळं असं आत ओढलेल्या श्वासावर. तोंडावर पडद्याची जाळी, पाठीवर उशीचं कुबड, पुरुषांनी बायकांचे झगे घातलेले, हातांत जाड हातमोजे. घरच्यांनी ओळखायचं. ओळखलं की जाळी काढायची आणि केक खायचा.

त्या संध्याकाळी सेलिनाकडे चार सोंगं आली. एकाच्या हातात एफ्रमचा पाईप, म्हणजे तो हेडली, ते आंधळ्यालाही कळलं असतं. पाद्र्याच्या बायकोला तिच्या खोकल्यावरून पकडलं. तिसरा पोस्टमन. चौथं सोंग मात्र उंच, हेडलीने सोंगासाठी सेलिनाकडून मागून नेलेल्या फुलाफुलांच्या झग्यातलं, कुणालाच उमगेना. नाचलं चांगलं, बोललं काहीच नाही.

“मासळीवाला आयझॅक!” मी म्हटलं. मान हलली, नाही.

“आयझॅक एवढा नाचला तर त्याचं कंबरडं मोडेल,” सेलिना म्हणाली. “बाई गं, तू दमलीस. पाणी पी.”

सोंग मोरीशी गेलं. नळ सोडला. धार अशी दणक्यात आली की झग्याची बाही भिजली. सोंग क्षणभर तसंच उभं राहिलं. मग जाळीखालून पेला तोंडाला लावला, रिकामा केला, नळ फिरवत फिरवत बारीक धारेवर आणला आणि हातमोजा घातलेल्या बोटांनी त्याच्या मानेवर मारलं. टक टक.

सेलिनाच्या हातातला केकचा सुरा थांबला. हेडली भिंतीकडे बघायला लागला, म्हणजे लबाडाला सगळं ठाऊक होतं.

ती सावकाश उठली, मोरीपाशी गेली, नळ घट्ट पिळून बंद केला.

“आता सोडून ठेवावा लागत नाही, क्लेटन,” ती म्हणाली.

जाळी खाली आली. आत एफ्रमचंच नाक, आणि डोळे भरलेले. “म्हणजे मी एकट्यानेच परत जायचं?” त्याने विचारलं.

“एकट्यानेच,” सेलिना म्हणाली, आणि तो झगा, उशी, कुबड सगळं एकत्र कवटाळून तिने त्याला धरलं. “पण आधी तो माझा झगा उतरव. उद्या चर्चला घालायचाय.”