उन्नतीच्या एकशे बेचाळीस पुड्या

आमच्या उन्नतीइतकं खोटं अख्ख्या कामतघर गावात कुणी बोललं नसेल. मी भाविका, तिची चुलत बहीण. एकाच अंगणात आमची समोरासमोर घरं, त्यामुळे तिच्या निम्म्या खोट्याला साक्षीदार मीच आणि उरलेल्या निम्म्याला साथीदारही मीच.

२००६ साली ती विद्यापीठात एम.एस्सी.ला गेली. विषय परिसंस्था आणि वन्यजीव संवर्धन. आता हे घरी कसं सांगायचं? तुळशीरामकाकांना, म्हणजे तिच्या वडिलांना, तिनं सांगितलं, "लॅबोरेटरीचं शिक्षण हाय." काकांनी त्याचं गावभर 'डॉक्टरकीच्या बाजूचं' केलं. मग आळीतल्या बायका गुडघे आणि गॅसेस घेऊन तिच्याकडे येऊ लागल्या. उन्नती गंभीर चेहऱ्यानं नाडी बघायची आणि सगळ्यांना जिऱ्याचं पाणी प्यायला सांगायची. कुणाला गुण आला की काकांची मान ताठ व्हायची.

खरं काय ते मला ठाऊक होतं. आम्ही दहावीत असताना शेजारच्या पत्र्यावर भरदिवसा एक घुबड येऊन बसलं होतं. पोरांनी दगड मारमारून त्याला खाली पाडलं आणि संकट टळलं म्हणून पार्वतीकाकीनं, म्हणजे हिच्याच आईनं, साखर वाटली. उन्नतीनं साखर घेतली, न्हाणीघरात जाऊन थुंकली आणि तिथंच बसून रडली. तिच्या शिक्षणाची सुरुवात त्या न्हाणीघरात झाली असं माझं मत आहे.

काकांचे दोन लूमचे, म्हणजे यंत्रमागाचे, कारखाने. एक भाड्यानं चालू, दुसरा मंदीत बंद पडलेला. त्या बंद कारखान्याच्या आढ्याला गव्हाणी घुबडांची जोडी राहत होती, पांढऱ्या तोंडाची. उन्नतीला ती सापडली तेव्हा तिनं आधी माझं तोंड दाबलं आणि मग आनंदानं मला चिमटा काढला. तिच्या प्रबंधाचा विषय ठरला: लूमच्या वस्तीतली घुबडं काय खातात?

आता घुबड काय खातं हे त्याला विचारता येत नाही. पण ते उंदीर अख्खा गिळतं आणि न पचलेली हाडं नि केस यांची काळी गोळी करून ओकून टाकतं. ती गोळी फोडायची, आतल्या कवट्या मोजायच्या, की हिशेब लागला. उन्नती आठ महिने दर रविवारी "कारखान्याची साफसफाई करते" म्हणून जायची आणि गोळ्या वेचून आणायची. एवढी कामसू मुलगी बघून काकी कौतुकानं तिला दुसऱ्या कारखान्याचीही किल्ली द्यायला निघाली होती. गोळी फोडली की भुगा होतो, म्हणून सगळ्या एकदमच शेवटी फोडायच्या असं तिच्या सरांनी सांगितलेलं. तोवर तिनं प्रत्येक गोळी चांदीच्या कागदात गुंडाळली आणि कारखान्यात पडलेल्या सुतानं बांधली. पावसाळ्यातल्या गोळीला हिरवं सूत, थंडीतल्या गोळीला काळं, उन्हाळ्यातल्या गोळीला लाल. एकशे बेचाळीस पुड्या. त्या तिनं माळ्यावरच्या तांदळाच्या रिकाम्या पिंपात लपवल्या.

हुशार मुलगी, पण एक गोष्ट तिच्या ध्यानात आली नाही. एप्रिलमध्ये तिच्या भावाचं, मितेशचं, लग्न होतं आणि लग्नघरात पिंप रिकामं राहत नाही.

काकीनं तांदूळ भरायला झाकण उघडलं. चांदीचा कागद, काळा-लाल दोरा आणि आत केस आणि हाडं! काकी जी किंचाळली ती आमच्या घरी ऐकू आली. लग्नाच्या तोंडावर घरावर करणी! उन्नती तिथंच उभी होती. "माझं आहे" एवढं म्हटलं असतं तरी पिंप वाचलं असतं. पण मग पुढचा प्रश्न आला असता, 'कशाचं?', आणि आढ्यावर तेव्हा चार पिल्लं होती. ती गप्प बसली. संध्याकाळपर्यंत अख्खं पिंप टेम्पोत घालून दिघाशीच्या महादू भगताकडे रवाना झालं. भगतानं सांगितलं, "अवसेला भर दुपारी बाराला तुमच्याच अंगनात जालू. तवर माझ्याकडं राहूंदे."

अमावास्या परवावर आली होती. प्रबंध द्यायला वीस दिवस उरले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी रिक्षानं दिघाशीला. महादू भगत ओट्यावर विडी ओढत बसला होता. उन्नतीनं गोड आवाजात सुरुवात केली, "बाबा, त्या पुड्या माझ्या अभ्यासाच्या हायत. करनी न्हाय."

"म्हाईत हाय गो," तो हसला. "घुबडाची ओकारी हाय ती. जनम गेला माझा रानात."

"मग आईला सांगा ना!"

"मी सांगू? मंग उद्या मला कोन इचारल?" त्यानं विडी विझवली. "त्यापरीस असं कर. ओकारी हाय म्हंजे घुबड बी हाय, आनि पिलं बी असतील. एक पिलू मला दे. मुंबैचा एक शेठ मागतोय पूजेला. तू पिलू दे नि पुड्या घेऊन जा. मी चिंध्या बांधून जालतो, कोनाला कलनार न्हाय."

उन्नतीनं त्याला वन्यप्राण्यांचा कायदा सांगितला. किती वर्षं आत जावं लागतं तेही सांगितलं. तो म्हणाला, "तुझ्या आईला सांग कायदा. तिला कललं तर सगली पिलं खाली येतील. मी एकच मागतोय."

परतताना रिक्षात मी तिला म्हटलं, एक पिल्लू गेलं तर तीन उरतील, आणि वर्ष वाचेल. हे बोलल्याची मला अजून लाज वाटते. तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली की मी नारपोलीपर्यंत बाहेर बघत बसले.

अमावास्येला अंगणात घमेल्यात निखारे फुलले. नारळ, लिंबं, पाय बांधलेला कोंबडा. आळीतल्या पंधरा-वीस बायका आल्या होत्या. काका आणि मितेश एका बाजूला उभे. महादू भगतानं पहिली पुडी हातात घेतली आणि उन्नतीकडे बघून जरा थांबला. तिनं नाही म्हणून मान हलवली आणि मग अगदी भोळा चेहरा करून बायकांकडे वळली.

"जालायचं तर जालाच. पन करनीत करनाऱ्याचं नाव असतं ना? चिठ्ठीवर? ते न बघताच जालायचं?"

पुढचं सांगायलाच नको. कोणी केलं हे कळणार असेल तर आमच्या आळीतल्या बायका निखाऱ्यातही हात घालतील. "व्हय व्हय, नाव बघा!" आक्का म्हणाली. आक्का म्हणजे सगळ्यात म्हातारी, आणि तिचा आधीच दोन जावांवर संशय होता. भगत "नको, बाधा हुईल" म्हणेपर्यंत पिंप आडवं झालं होतं. उन्नतीनं सुपं आणली, चिमटा आणला, कोमट पाणी आणलं. पाण्यात बाधा विरते, असं तिनं बेधडक ठोकून दिलं. बायका फतकल मारून बसल्या आणि नावाच्या शोधात एकेक गोळी फोडू लागल्या. उन्नती त्यांच्यामधून फिरत म्हणायची, "हाडकं टाकू नका, एकीकडं ठेवा. तपासायला लागतील."

पण दोरे सुटले ते सुटलेच. हिरवा, काळा, लाल, सगळ्याचा एकच गुंता झाला. पावसाळ्यात काय खाल्लं आणि उन्हाळ्यात काय, हे आता कुणालाच सांगता येणार नव्हतं. प्रबंधातलं ते अख्खं प्रकरण गेलं आणि पहिला वर्गही त्याच्याबरोबर गेला. मी तिचा चेहरा बघत होते. तिनं तो गुंता उचलला, एकदा मुठीत घट्ट धरला आणि पुढच्या सुपाकडे गेली.

तासाभरानंतरही नाव काही निघेना. काकी एक इवलीशी कवटी बोटांवर धरून उन्हात फिरवत होती.

"ह्यो तर उंदीर," ती म्हणाली. "पुढचे दात बघा."

"ही चिचुंद्री," आक्का म्हणाली. "लांब तोंडाची."

"माझ्याकडं बी उंदीरच. तीन."

काकी भगताकडे वळली. "बाबा, येवढे उंदीर मारून कोन करनी करल? नि मारले कोनी?"

भगत उन्नतीच्या जवळ सरकला. मी शेजारीच होते म्हणून मला ऐकू आलं. "अजून वेल हाय. पिलू दे बोल, मी सांभालून घेतो."

उन्नती बायकांच्या मधोमध जाऊन उभी राहिली. उभ्या आयुष्यात तिला खोटं बोलताना घाम फुटला नव्हता, त्या दिवशी खरं बोलताना फुटला.

"घुबडानं मारले," ती मोठ्यानं म्हणाली. "आपल्या बंद कारखान्यात ऱ्हातात, जोडी. चार पिलं हायत. ही त्यांची ओकारी, आई, मीच पिंपात ठेवली होती. ह्या बाबांना म्हाईत हाय. त्यांना गप ऱ्हायला त्यातलं एक पिलू पायजे होतं."

काकी हळूच उठली.

"म्हाईत होतं तुला?" तिनं भगताला विचारलं. त्यानं पिशवी उचलली, नारळ उचलला आणि कोंबड्याकडे हात नेला.

"कोंबडा ठेव," काकी म्हणाली.

तो गेला. काकी लेकीसमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता मुस्काटात बसते.

"मला आधी का न्हाय सांगितलंस?"

"तू घुबडं हाकलली असतीस."

काकीनं खरंच थोडा विचार केला. "व्हय," ती म्हणाली. "हाकलली असती."

"नि आता?" उन्नतीचा आवाज फुटला. ती रडतेय हे तिला स्वतःलाही कळलं नसावं.

काकी पुन्हा सुपापाशी बसली, पदर खोचला आणि ती कवटी पुढे धरली.

"उंदराचा ढीग कंचा?"